लीपमध्ये गाळलेली वर्षे : बालवधू, पडदा आणि बेलापूरचा ऊस

दूरचित्रवाणी मालिकांची एक ठरलेली युक्ती आहे. व्यवसायाच्या भाषेत तिला ‘लीप’ म्हणतात. आठ-नऊ वर्षांची चुणचुणीत नायिका परकर सावरत वाड्याच्या चौकातून धावते, कॅमेरा तिच्या पावलांवर खिळतो आणि नजर वर जाते तेव्हा त्याच चौकात विशीतली नटी उभी असते. दोन भागांच्या मध्ये दहा वर्षे सरलेली असतात.

हा धागा त्या दहा वर्षांविषयी आहे. कमी वयातले विवाह आणि कमी वयातले मातृत्व यांचा सारा इतिहास तेथेच दडला आहे आणि आपला पडदा नेमका तेवढाच भाग कापून टाकतो.

उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘बालिका वधू’ ही हिंदी मालिका जुलै २००८ मध्ये सुरू झाली. अविका गौरने साकारलेल्या बालवधू आनंदीने देशभरच्या घरांत जागा मिळवली. २०१० मध्ये लीप आला आणि आनंदी मोठी झाली. ‘उंच माझा झोका’ (२०१२) मध्ये तेजश्री वालावलकरची छोटी रमा गेली आणि स्पृहा जोशीच्या रमाबाई रानडे आल्या. ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ (२०२१) मध्ये अदिती जलतारेनंतर एताशा संझगिरी आली. तिन्ही मालिकांचा हेतू सुधारकी होता, यात संशय नाही. तरीही तिन्ही ठिकाणी बालवधूचे बालपण मोहक ठरले, तिचे प्रौढपण तेजस्वी ठरले आणि मधला काळ निघून गेला.

मालिकाकारांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. अल्पवयीन नटीकडून ती वर्षे वठवून घेणे अशक्य आहे आणि अनुचितही आहे. परंतु दाखवता न येणे निराळे आणि ती वर्षे घडलीच नाहीत असे भासवणे निराळे. संवादातून, एखाद्या मैत्रिणीच्या कथेतून, सुईणीच्या तोंडून ती सांगता येतात.

इतिहासात डोकावले तर हा मधला काळ प्रत्येकीचा वेगळा होता असे दिसते. चौंडीच्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, खंडेराव होळकरांशी विवाह १७३३ चा आणि पुत्र मालेराव यांचा जन्म १७४५ चा मानला जातो. म्हणजे विवाह आणि मातृत्व यांत बारा वर्षांचे अंतर पडले. प्रत्येक मुलीला असे अंतर मिळत नसे. लग्न लहानपणी लागे, मुलगी ‘शहाणी’ झाली की गर्भाधानाचा संस्कार होई आणि पुढचे सारे शरीराच्या बळावर व दैवावर सोडलेले असे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी पुत्र. आणि तो पुत्र अवघ्या दहा दिवसांत गेला. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता होता? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी जिने मूल गमावले, तिने विशीत पदार्पण केल्यावर तोच विषय अभ्यासाला घ्यावा, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. समीर विद्वांस यांच्या २०१९ च्या ‘आनंदी गोपाळ’ चित्रपटाने हा प्रसंग गाळला नाही, याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही तेथे तो येतो तो पुढच्या पराक्रमाची पायरी म्हणून. ज्यांचे मूल गेले आणि पुढे कोणतीही पदवी आली नाही, अशा असंख्य मुलींच्या वाट्याला कथानकच आले नाही.

त्या काळचे ‘वास्तवदर्शी’ माध्यम म्हणजे वर्तमानपत्र. मुंबईत रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नातला पती ‘नांदायला ये’ म्हणून न्यायालयात गेला आणि ती ‘येणार नाही’ म्हणाली. घरातली गोष्ट अशी रोज छापून येऊ लागली आणि लोक ती आजच्या मालिकेसारखी चवीने वाचत राहिले. १८९० मध्ये कलकत्त्याच्या फूलमणी दासीचे प्रकरण आले. वय दहा-अकरा, पतीच्या बळजबरीने झालेल्या रक्तस्रावात मृत्यू. त्यानंतर मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि संमतीचे वय दहावरून बारावर गेले. दहावरून बारावर! एवढ्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्र दुभंगला. टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, तर आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याची बाजू लढवली. या वादात संस्कृत वचनांचा पाऊस पडला. ज्या मुलींबद्दल वाद चालला होता, त्यांचा शब्द मात्र क्वचितच ऐकू आला. रखमाबाईंची इंग्रजी पत्रे हा त्याला सणसणीत अपवाद, आणि तीही प्रथम टोपणनावाने छापली गेली होती.

येथे मराठी रंगभूमी प्रवेश करते. १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ सादर केले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ सूत्रे हलवतो आणि कोदंड हा तरुण ते लग्न उधळून लावतो. शारदेची भूमिका पुरुष नट करीत. पुढे बालगंधर्वांचीही शारदा गाजली. नाटक लग्न मोडण्यापाशी वळण घेते, त्यामुळे अकाली मातृत्वाचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. त्या अर्थाने देवलांनीही ती वर्षे टाळलीच.

पण देवलांनी एक गोष्ट अचूक हेरली होती, आणि नंतरचे बहुतेक जण तेथेच चुकले. ‘शारदा’चा खरा श्रोता शारदा नव्हे, तर कांचनभट आहे. तिकीट काढून समोर बसलेल्यांत बाप होते, मामा होते, मध्यस्थ होते, बिजवराचे स्वप्न पाहणारे वृद्धही असतील. नाटक त्यांना हसवत हसवत त्यांचेच रूप दाखवी. त्याचा परिणाम मोजायला कोणी फूटपट्टी लावली नव्हती. तरी एक खूण उरली आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो; महाराष्ट्रात मात्र तो ‘शारदा कायदा’ म्हणूनच तोंडी बसला. उच्चाराच्या सारखेपणामुळे ती गफलत झाली हे खरे, परंतु नाटकाची नायिका घराघरांत पोहोचली नसती तर गफलतीलाही जागा उरली नसती.

‘शारदा’ला ११० वर्षे झाली तेव्हा, जून २००९ मध्ये, एमटीव्ही या अमेरिकी वाहिनीवर ‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ सुरू झाला. या रिॲलिटी शोने लीपच्या उलट वाट धरली. प्रत्येक भागात एक खरी किशोरवयीन गर्भवती मुलगी. तिचे शेवटचे महिने, प्रसूती, नंतरची जाग्रणे, सुटलेली शाळा आणि दूर जाणारा मित्र. जे आपल्याकडे कापले जाते, तेवढेच तेथे दाखवले जाई. २०१४ मध्ये मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला की कार्यक्रम सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात किशोरवयीन मुलींच्या प्रसूतींमध्ये त्यामुळे ५.७ टक्क्यांची घट झाली. पुढे जेगर, जॉइस आणि केस्टनर या तिघा अभ्यासकांनी या निष्कर्षाच्या मुळाशी असलेल्या गृहीतकांनाच आव्हान दिले. घट आधीपासून चालू होती आणि जेथे कार्यक्रम जास्त पाहिला गेला तेथील परिस्थितीच वेगळी होती, असे त्यांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. शिवाय याच मालिकेतल्या काही मुली पुढे ‘टीन मॉम’मधून नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकल्या, तेव्हा हा इशारा होता की आमिष, असा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला.

परिणाम मान्य केला, तरी तो कोणत्या वाटेने झाला असेल? पडद्यावरची मुलगी पाहून प्रेक्षक मुलगी सावध झाली, तिने गर्भनिरोधकाची माहिती शोधली आणि स्वतः निर्णय घेतला. या साखळीची पहिली कडी अशी की निर्णय त्या मुलीच्या हातात होता.

आता बेलापूरकडे वळावे लागेल. नवी मुंबईचे नव्हे. प्रवरेच्या काठचे, श्रीरामपूर तालुक्यातले, ज्याच्या नावाने श्रीरामपूरचे रेल्वे स्थानक ओळखले जात आले ते बेलापूर. प्रवरेचे कालवे आले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि हा टापू उसाने हिरवा झाला. हरेगावला ‘बेलापूर कंपनी’चा साखर कारखाना याच काळात उभा राहिला आणि १९५० मध्ये जवळच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे पर्व सुरू झाले. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि सांगावा. मात्र ऊस पिकवणाऱ्यांच्या इतिहासात तोडणाऱ्यांचे पान बहुधा कोरेच राहते.

तोडणारे येतात ते बीडहून, तसेच याच जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून : पाथर्डी, शेवगाव, जामखेड. (अहिल्याबाईंची चौंडी जामखेड तालुक्यातच आहे.) दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते आणि गाळप संपले की परतते. येथे मजुरीचे एकक माणूस नाही. नवरा आणि बायको मिळून होतो एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात. काम चुकले तर खाडा धरला जातो, मग कारण ताप असो वा बाळंतपण.

हे गणित समजले की बालविवाहाचे गणित आपोआप उलगडते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला सहा महिने गावी एकटी ठेवावी, तर आईबापाच्या जिवाला घोर. फडावर न्यावी, तर उघड्या माळावरच्या कोपीला ना दार ना कडी. लग्न लावून दिले की जबाबदारी उतरते आणि जावयाचा कोयता पूर्ण होतो. हंगामाआधी घाईने उरकलेल्या लग्नांमागे अज्ञानापेक्षा हा हिशेब मोठा आहे. त्या लग्नातून आलेले पहिले बाळंतपण अनेकदा फडाच्या आसपासच होते. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे बीडमधले प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत पोहोचले, तेव्हा कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे यांचा धागाही त्यातून बाहेर आला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. १५ ते १९ वयोगटात दर शंभरांतल्या सात-आठ मुली पाहणीच्या वेळी माता किंवा गर्भवती होत्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत.

मग येथे ‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ची मराठी आवृत्ती काढावी काय? कायद्याने ती निघूच शकत नाही, आणि हे योग्यच आहे. अठरा वर्षांखालील मुलीचे गर्भारपण २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कक्षेत येते आणि पीडित बालकाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. विवाहाची ढालही उरलेली नाही : ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वयाच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच असल्याचे स्पष्ट केले. त्या मुलीचा चेहरा कॅमेऱ्यासमोर येणार नसेल, तर तिची कथा सांगण्याचे काम उरते ते कल्पित कथेकडे आणि ऐतिहासिक मालिकेकडे. आणि तीच मालिका लीप घेऊन मोकळी होते.

मराठीतला सर्वांत लाडका रिॲलिटी कार्यक्रम कोणता, असे विचारले तर २००४ पासून अनेक वर्षे घरोघर फिरलेल्या ‘होम मिनिस्टर’चे नाव येईल. उखाणा, लग्न जुळल्याची आठवण, नवऱ्याची थट्टा आणि शेवटी पैठणी. त्या कार्यक्रमाने गावोगावच्या सुनांना काही तासांचे कौतुक मिळवून दिले, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच्या चौकटीत लग्न येते ते गोड आठवण म्हणूनच. ‘तेव्हा तुमचे वय काय होते’ हा प्रश्न त्या चौकटीचा कणा नाही. आजची लग्नाची रील्स तर अर्ध्या मिनिटात मेंदी, हळद आणि पाठवणी आटोपतात.

सोळा वर्षांची मुलगी ती रील्स पाहते. तिच्या वडिलांना आणि मुकादमाला सुनावणारे मात्र पडद्यावर कोणीच नसते. सरकारी प्रबोधनाचा रोखही बहुतेकदा मुलीकडेच असतो : तिने नकार द्यावा, तिने १०९८ वर फोन करावा. ज्या घरात उचल आधीच खर्च झालेली आहे, तेथे तिच्या नकाराला किती वजन असेल? ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलेले आहे. त्यालाही त्याच गावात राहायचे असते. त्यापेक्षा संत भगवानबाबा यांच्या नावाने सुरू झालेली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची शासकीय वसतिगृहे अधिक नेमक्या जागी हात घालतात, कारण ‘मुलीला ठेवायचे कुठे’ हा बापाचा प्रश्न ती खरा मानतात. वसतिगृह हंगामाच्या आधी उघडते की नंतर, यावर त्यांचा सारा उपयोग ठरतो.

देवलांनी आज नाटक लिहिले असते तर कांचनभटाच्या हाती दक्षिणेऐवजी उचलीची चिठ्ठी दिली असती, आणि तो लोभी असण्याऐवजी कर्जबाजारी असता. हसणे अवघड झाले असते. पण प्रयोग कोठे लावायचा हे त्यांना सांगावे लागले नसते : दसऱ्याआधी पाथर्डीला, आणि बिऱ्हाडे उतरल्यावर बेलापूरच्या शिवारात, जेथे सायंकाळी मोळ्या भरून झाल्यावर कोपीतल्या मोबाइलवर कुठली ना कुठली मालिका चालूच असते.