खोकणारे अप्पासाहेब आणि बीपीची गोळी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी दहा दिवसांवर आली होती आणि आमच्या गावातल्या हौशी मंडळाचे 'अप्पासाहेब बेलवलकर' माझ्यासमोर बसून खोकत होते. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, तीस वर्षांची हौशी रंगभूमी, आणि आता कुठे 'नटसम्राट' वाट्याला आलेलं. ती लांबलचक स्वगतं, आणि दर चार ओळींनी कोरडी ढास. कफ नाही, ताप नाही. आधी तालमीच्या हॉलमधल्या धुळीला दोष दिला, मग फ्रीजच्या पाण्याला. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या.

बीपी मोजलं. 178/104.

"गोळी चालू आहे ना?"

"पाच दिवसांपूर्वी बंद केली, डॉक्टर. पुतण्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं, खोकला तुमच्या त्या गोळीनंच येतोय म्हणून."

पुतण्याचं खरं होतं. चूक माझी होती. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना रॅमिप्रिल सुरू केलं, रोज एक गोळी, मीठ कमी, चालायला जा, एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गोळी शरीरात नेमकं काय करते, याबद्दल एक शब्द बोललो नाही. आज लिहायचंय ते याच विषयावर.

आपल्या शरीरातली बहुतेक कामं विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. एन्झाइम हे बहुधा एक प्रथिन असतं. ते एखादी रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवून आणतं आणि काम झालं की स्वतः जसंच्या तसं मोकळं होतं. नटासारखंच म्हणा ना. प्रयोग संपला, रंग पुसला, उद्या पुन्हा तोच माणूस त्याच भूमिकेला तयार.

बीपीशी संबंध असलेलं एक एन्झाइम आहे, त्याला थोडक्यात 'एस' म्हणतात. ही एक कात्री समजा. रक्तात अँजिओटेन्सिन-1 नावाची दहा मण्यांची माळ फिरत असते. ही कात्री तिच्या टोकाचे दोन मणी कापते. उरलेली आठ मण्यांची माळ म्हणजे अँजिओटेन्सिन-2. ती रक्तवाहिन्या आवळते, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावते आणि बीपी वाढवते.

रॅमिप्रिल हे या कात्रीचं इनहिबिटर, म्हणजे रोधक. गोळी काय करते? माळेच्या टोकाचं सोंग घेते. कात्रीला वाटतं माळच आली, ती तिला पात्यांत घेते, पण कापता येत नाही. सोंग घेतलेला पाहुणा जागा अडवून बसतो, खरी माळ बाहेर ताटकळते. अँजिओटेन्सिन-2 कमी तयार होतं, बीपी उतरतं. अप्पासाहेब रंगमंचावर मरतात, पण नट मरत नाही. पडदा पडला की उठून चहा घेतो. ही गोळीही माळेची भूमिका शेवटपर्यंत नेते, फक्त 'कापून घेणं' तेवढं करत नाही. (फरक एकच. प्रेक्षकांना समोर नाटक चाललंय हे ठाऊक असतं, बिचाऱ्या कात्रीला नसतं.)

या जातीची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, कशी तयार झाली ते मला नेहमी एखाद्या नटाच्या तयारीसारखं वाटतं. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात या कात्रीला अडवणारे पदार्थ आहेत, हे 1960-70 च्या दशकांत लक्षात आलं. सर्जिओ फरेरा या ब्राझिलियन डॉक्टरांच्या कामातून त्याची सुरुवात झाली. पण तो पदार्थ तोंडानं घेऊन उपयोग नव्हता, पोटातच पचून जायचा. मग अमेरिकेत ऑन्डेटी आणि कुशमन या दोघांनी नवं रेणू-सोंग रचायला घेतलं. अडचण अशी की कात्रीचा आकारच तेव्हा कुणी पाहिला नव्हता. म्हणून त्यांनी तिच्यासारखंच काम करणाऱ्या, स्वादुपिंडातल्या दुसऱ्या एका एन्झाइमचा आकार समोर ठेवला आणि अंदाज बांधला. ज्या माणसाला कधी भेटलो नाही त्याची भूमिका करायची, तर त्याच्यासारख्या कुणाला तरी न्याहाळायचं, तसंच हे. 1981 साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. कात्रीचा खरा आकार दिसला तो 2003 मध्ये.

आता खोकला. ही कात्री एकच माळ कापत नाही. ब्रॅडिकायनिन नावाचा आणखी एक पदार्थ तीच कापून निकामी करते. कात्री अडवली की ब्रॅडिकायनिन साचतं, आणि श्वसनमार्गातल्या नसांना चाळवतं. त्यातून ती कोरडी ढास. साधारण दहा जणांत एखाद्याला होते. कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी. खोकल्याचं औषध तिच्यावर फारसं चालत नाही. गोळी थांबवल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत जाते, क्वचित जास्त रेंगाळते.

पण गोळी थांबवणं आणि गोळी बदलणं यांत बीपीच्या 178/104 एवढा फरक आहे. सोंग घेणारा निघून गेला की खरी माळ लगेच पुन्हा हजर होते. म्हणूनच ही गोळी रोज घ्यायची असते. बदली उपलब्ध आहे. लोसार्टन, टेल्मिसार्टन या 'सार्टन' गोळ्या कात्रीला हातच लावत नाहीत. अँजिओटेन्सिन-2 जिथे जाऊन बसणार ती खुर्चीच अडवतात. ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं कापलं जातं, ढास सहसा होत नाही.

माझे एक डॉक्टर मित्र म्हणतात, "खोकल्याचं आधी सांगितलंस तर न येणाराही खोकायला लागतो." असं होतं, नाकारत नाही. ओपीडीत वेळ नसतो, हेही खरं. तरीही मी आता सांगतो. न सांगितलेलं माणूस पुतण्याच्या मोबाइलवरून शिकतो आणि अर्धंच शिकतो. गोळीनं खोकला येतो हे त्यात असतं. मनानं बंद केली तर काय होईल, ते वाचायच्या आत बोट पुढे सरकलेलं असतं.

म्हणून आपल्या गोळीचं नाव बघा. शेवटी 'प्रिल' असेल (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल) आणि कोरडा खोकला लागला असेल, तर आम्हाला फोन करा. आम्ही बदलून देऊ. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठा, तीही याच गोळ्यांची दुर्मिळ पण गंभीर करामत आहे. गर्भवती असाल किंवा तसा विचार असेल तर या दोन्ही जातींच्या गोळ्या चालत नाहीत, आधी सांगा. आणि प्रत्येक खोकल्याचं खापर गोळीवर फोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त, असं काही असेल तर आपल्या देशात आधी टीबीची तपासणी करायची. अप्पासाहेबांचीही केली, निर्दोष आली.

त्यांना टेल्मिसार्टन सुरू केलं. आठ दिवसांनी बीपी 146/88. पूर्ण ताब्यात नव्हतं, पण प्रयोगाला परवानगी दिली आणि मीही जाऊन बसलो. खोकला अजून शिल्लक होता. फूटपाथवर आलेल्या म्हाताऱ्याच्या प्रवेशात त्यांना एकदा जोराची उबळ आली. उपरण्यात तोंड खुपसून ते खोकले, श्वास जुळवला आणि वाक्य पुढे नेलं.

माझ्या शेजारच्या आजी नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, "किती खरं खोकतो हो हा!"