भिंतीवरचा पंचनामा



मागच्या महिन्यात आपल्या एका पाड्यावर जे झालं ते बहुतेकांच्या कानावर गेलंच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लॉटच्या भांडणावरून एका पोराला पोलीस घेऊन गेले. रात्रभर ठेवला, पट्ट्यानं मारला, सकाळी सोडला. कागद नाही, नोंद नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "असा कुणी माणूस इथं आणलाच नव्हता." पोराच्या बहिणीनं रस्त्याकडच्या कुडावर, गेरूवर चुन्यानं लिहिलं: भावाला कधी नेलं, किती वाजता सोडलं, पाठीवर किती वळ आहेत, बघायचं असेल त्यानं आत येऊन बघावं. चार ओळी. तिसऱ्या दिवशी गाडी आली. दोघं उतरले आणि तिच्याच हातानं तिचीच भिंत शेणानं सारवून घेतली.

बैठकीत यावर दोन तास बोलणं झालं. पोरं म्हणाली, उद्याच सगळ्या पाड्याच्या भिंती रंगवू. एका म्हाताऱ्या धवलेरीनं मात्र वेगळंच विचारलं. ती म्हणाली, "भिंत लग्नाचा चौक लिहायला असते. तिथं देवीला बसवतो. तिच्यावर मार नि पोलीस कशाला आणता?" प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच.

आधी एक लांबची गोष्ट सांगायची आहे, इजिप्त देशातली. तिथंही पोलीस मारत होते, "असं झालंच नाही" म्हणत होते आणि लोक भिंतीवर लिहीत होते.

जून 2010 मध्ये त्या देशाच्या अलेक्झांड्रिया शहरात खालेद सईद या 28 वर्षांच्या तरुणाला दोन पोलिसांनी इंटरनेटच्या दुकानातून ओढून बाहेर काढलं आणि मारून मारून जीव घेतला. पोलिसांनी सांगितलं, यानं नशेची पुडी गिळली, ती घशात अडकून मेला. (आपल्याकडे "पाय घसरून पडला" म्हणतात, तसंच.) पण शवागारातला मोडलेल्या चेहऱ्याचा फोटो बाहेर आला आणि देशभर फिरला. तरुणांनी खालेदच्या चेहऱ्याचे स्टेन्सिल कापले आणि भिंतींवर उमटवले. स्टेन्सिल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, हा अंकही स्टेन्सिलवरच निघतो. एकदा कापला की ज्याला चित्र येत नाही तोही दोन मिनिटांत उमटवून निघून जातो. पुढं त्या दोघा पोलिसांना आधी सात वर्षं आणि फेरखटल्यात 2014 साली दहा वर्षं शिक्षा झाली.

25 जानेवारी हा तिथला पोलीस दिन. 2011 साली लोकांनी नेमका तोच दिवस धरला आणि राजधानी कैरोच्या तहरीर चौकात जमले. अठरा दिवसांत राष्ट्राध्यक्ष मुबारकला खुर्ची सोडावी लागली. पण खुर्ची गेली तरी लाठी जात नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, चौकातून गृहखात्याकडे जाणाऱ्या मोहम्मद महमूद रस्त्यावर पाच-सहा दिवस पोलिसांनी गोळ्या आणि छर्रे चालवले. चाळीसच्या वर माणसं मेली. छर्रे तोंडावर मारत होते, त्यामुळे कित्येकांचे डोळे गेले. एका दातांच्या डॉक्टरचा एक डोळा जानेवारीत गेला होता, दुसरा या रस्त्यावर गेला. लोकांनी त्या रस्त्याला डोळ्यांचा रस्ता असंच नाव ठेवलं. भिंतींवर डोळ्याला पट्टी बांधलेले चेहरे आले. नेम धरून डोळे फोडणारा एक अधिकारी चित्रफितीत सापडला होता. त्याचाही चेहरा भिंतीवर आला, खाली "हा हवा आहे". 2013 साली त्याला तीन वर्षांची कैद झाली.

मग लष्करानं रस्ते अडवायला सिमेंटच्या मोठ्या ठोकळ्यांच्या भिंती उभ्या केल्या. 2012 च्या मार्चमध्ये चित्रकारांनी काय केलं, तर त्या ठोकळ्यांवर पलीकडचा रस्ताच काढला. झाडं, घरं, चालणारी माणसं. लांबून बघणाऱ्याला वाटावं की रस्ता मोकळाच आहे. आम्हाला ही युक्ती फार आवडली.

पण धवलेरी आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या चित्रांत आहे. 2012 च्या फेब्रुवारीत पोर्ट सईद शहरात फुटबॉलच्या सामन्यात सत्तरच्या वर तरुण मेले. पोलीस उभे राहून बघत होते, असं लोकांचं म्हणणं होतं. मोहम्मद महमूद रस्त्याच्या भिंतीवर त्या पोरांचे चेहरे काढले, काहींना पंख दिले. चित्रकारांपैकी एक जण दक्षिणेकडच्या लक्सर गावाहून आलेला. तिथं हजारो वर्षांच्या जुन्या कबरी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर मेलेल्यासाठी हात वर करून रडणाऱ्या बाया काढलेल्या आहेत. त्यानं त्या बाया तशाच्या तशा शहराच्या भिंतीवर आणल्या. बाहेरून शिकून आलेलं चित्र नव्हतं ते, त्यांच्याच वाडवडिलांची रीत होती. तेव्हा आजी, भिंतीवर पोलीस आणायचा नाही हे तुझं बरोबर आहे. आणायचं ते आपलं माणूस. ज्याला मारलं तो. आपण चौक "काढतो" म्हणत नाही, "लिहितो" म्हणतो. लिहिणं आपल्या बायांना शाळेच्या आधीपासून येतं.

त्याच सप्टेंबरमध्ये एका रात्री पोलिसांच्या पहाऱ्यात मजूर लावून त्या भिंती रंगवून टाकल्या. दुसऱ्याच दिवशी लोक डबे घेऊन परत आले. खुद्द पंतप्रधानाला म्हणावं लागलं की पुसलं ते चुकलं.

आता खरं तेही सांगितलं पाहिजे. 2013 साली तिथं लष्करानं सत्ता घेतली, परवानगीशिवाय मोर्चा काढायला बंदी केली, कितीतरी कार्यकर्ते तुरुंगात घातले. 2015 साली त्या चित्रांच्या भिंतीचा एक भाग पाडलाही गेला. चित्रांनी राज्य बदलतं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. भिंतीनं एवढंच केलं, की "असं काही झालंच नाही" हे कुणाला म्हणू दिलं नाही. आपल्या पाड्यावर भांडण नेमकं त्याच वाक्याशी आहे.

म्हणून पोरांचंही सगळं आम्हाला पटत नाही. "पोलीस मुर्दाबाद" लिहायला काय लागतं? ते पुसलं की संपलं, आणि लिहिणाऱ्यावर केस. त्या बहिणीनं लिहिलेल्या चार ओळी बघा. तारीख, वेळ, खूण, आणि येऊन बघा. हा पंचनामाच आहे, जो त्यांनी करायला हवा होता तो तिनं केला. शिवी पुसायला कुणी गाडी घेऊन आडवाटेच्या पाड्यावर येत नाही.

झारखंडच्या खुंटी भागातल्या मुंडा भावांचं उदाहरण जवळचं आहे. वाडवडिलांच्या नावानं दगड उभा करायची त्यांची रीत. 2017-18 मध्ये त्यांनी गावाच्या शिवेवर हिरवे दगड उभे केले आणि त्यांवर संविधानातली कलमं, ग्रामसभेचे हक्क लिहिले. सरकारनं हजारो लोकांवर देशद्रोहाच्या केसी टाकल्या. दगडावर संविधान लिहिलं म्हणून देशद्रोह! डिसेंबर 2019 मध्ये सरकार बदललं तेव्हा पहिल्याच बैठकीत त्या केसी मागं घ्यायचं ठरलं. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. काही दगडांवर कलमांचा अर्थ चुकीचा लिहिला होता, आणि सरकारनं नेमकं तेच पुढं केलं. एक चुकीची ओळ शंभर बरोबर ओळींना बुडवते.

मग बरोबर काय लिहायचं? 1986 साली बंगालमधल्या डी. के. बसू नावाच्या माणसानं कोठडीतल्या मरणांच्या बातम्यांवरून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच केस झाली आणि 18 डिसेंबर 1996 ला निकाल लागला. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा कागद जागेवर झाला पाहिजे, त्यावर घरच्याची नाहीतर गावातल्या माणसाची सही पाहिजे, वेळ आणि तारीख पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. मागणी केली तर अंगावरच्या जखमा तिथंच लिहून घेतल्या पाहिजेत. कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे तर संविधानातच आहे. आणि कोर्टानं असंही सांगितलं आहे, की हे नियम प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक जागी लावा. म्हणजे भिंतीवर लिहा हे कोर्टाचंच म्हणणं, फक्त भिंत त्यांची. तिथं तुम्ही ते वाचलंत का? नसेल तर आपल्या भिंतीवर लिहू.

भिंत खराब करण्याविरुद्ध आपल्या राज्यात 1995 चा कायदा आहे. त्याला "विद्रूपीकरण" म्हणतात. पोराची पाठ फोडली त्याला काय म्हणतात ते कुठल्या कायद्यात शोधायचं, हे साहेबांना विचारू. तोवर शाळा, दवाखाना, पंचायत, पूल यांना हात लावू नका. कुणाच्या कुडावर लिहायचं असेल तर घरच्यांना विचारा, विशेषतः घरातल्या बाईला, कारण गाडी आली की दारात तीच असते. मार खाल्लेल्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. त्याला उद्याही त्याच रस्त्यानं बाजाराला जायचं आहे.

त्या बहिणीशी आम्ही बोललो. ती म्हणाली, परत लिहीन, पण एकटी नाही. पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी तिच्या पाड्यावर यायचं आहे. चुना संघटना आणेल, बाहारी आपापली आणा. बसू निकालातले नियम मागच्या पानावर सोप्या भाषेत दिले आहेत, ते वकिलाकडून तपासून घेतलेत, एक अक्षर बदलू नका. आजी चौकाची कड लिहून देणार आहे, आतलं आपण लिहायचं.