सनावळ्या नको म्हणणाऱ्यांना

तत्त्वज्ञानात सनावळ्यांचे काय काम, असा सवाल हल्ली मोठ्या रुबाबात टाकला जातो. टाकणारे अडाणी नाहीत, म्हणून अधिकच चीड येते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: युक्तिवाद एक तर टिकतो किंवा कोसळतो; तो कोणी, कधी, कोणत्या संकटात मांडला हे चरित्रकारांनी पाहावे. तत्त्वज्ञ पोटासाठी काय करत होता, ही तर गावगप्पाच. आणि पुरावा म्हणून स्पिनोझाचे ‘एथिक्स’ पुढे करतात. व्याख्या, स्वयंसिद्धके, प्रमेये. यात इतिहास आहेच कुठे?

आहे, पहिल्या भागापासून आहे. देकार्तने मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये मानली, आणि ती एकमेकांवर परिणाम कशी करतात हे त्याला नीट सांगता येईना. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये पत्रातून नेमके हेच विचारून त्याला पेचात धरले. स्पिनोझाने हयातीत स्वतःच्या नावाने छापलेले एकमेव पुस्तक, १६६३ चे, देकार्तचीच तत्त्वे भूमितीच्या पद्धतीने मांडणारे आहे. तिथून तो ‘द्रव्य एकच’ या प्रमेयापर्यंत येतो. मधला पेच गाळला की विद्यार्थ्याच्या हाती उरते ते पाठ करायचे एक चमत्कारिक विधान.

पुढे १६६५ च्या सुमारास त्याने हेच ‘एथिक्स’ बाजूला ठेवून धर्म आणि राज्य यांवरचा ग्रंथ हाती घेतला. कारण त्याने पत्रातच सांगितले आहे: धर्मपंडितांचे पूर्वग्रह, आपल्यावरचा नास्तिकतेचा आरोप आणि विचारस्वातंत्र्याची गळचेपी. त्याचा मित्र आद्रियान कूरबाख याला पुस्तकापायी शिक्षा झाली आणि १६६९ मध्ये तो ॲमस्टरडॅमच्या कोठडीत मेला. स्पिनोझाचा तो ग्रंथ १६७० मध्ये निघाला तो निनावी, मुखपृष्ठावर हॅम्बुर्ग हे खोटे ठिकाण घालून. १६७२ मध्ये स्पिनोझा राहत होता त्याच हेग शहरात जमावाने डच प्रजासत्ताकाचे पुढारी डी विट बंधू यांना ठार मारले. त्यानंतर लिहायला घेतलेल्या राजकीय ग्रंथात तो राज्यकर्त्यांच्या सद्बुद्धीवर विसंबत नाही. माणसे विकारवश असणारच हे धरून राज्यरचना कशी टिकेल, ते शोधतो. आमच्या प्रतिपक्षाला ही गावगप्पा वाटते! सत्य केवळ सत्य आहे म्हणून भावनेला आवर घालू शकत नाही, हे ‘एथिक्स’च्याच चौथ्या भागातले प्रमेय आहे. ते तरी त्यांनी वाचले आहे का?

उगमावरून सत्यता ठरत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. मान्य, पण विधानाचा अर्थ लागल्याशिवाय त्याची सत्यता तपासणार कशी?

हा थाट जुनाच आहे. भारतीय दर्शने म्हणजे धर्म, तत्त्वज्ञान नव्हे, असे ऐकवणारेही असेच बोलत. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडत नसत. बौद्ध तार्किक दिङ्नागाने न्यायदर्शनावर घेतलेले आक्षेप ठाऊक नसतील तर उद्द्योतकराचे ‘न्यायवार्त्तिक’ पानोपानी अडते, हे न्याय शिकलेल्या कोणालाही विचारा.

राहिला जगण्याचा प्रश्न. स्पिनोझा भिंगे घासत असे. १६७३ मध्ये हायडेलबर्गचे प्राध्यापकपद चालून आले, प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये एवढ्याच अपेक्षेसह. तत्त्वचिंतनाच्या स्वातंत्र्याची हद्द कुठे संपते हे कळत नाही, असे लिहून त्याने ते नाकारले. विचारस्वातंत्र्याबद्दल त्याने ग्रंथात जे मांडले, त्याचा अर्थ या नकारातून अधिक उघड होतो. तत्त्वज्ञान करणे म्हणजे आपल्या काळाने अंगावर टाकलेला प्रश्न ओळखणे आणि आपले उत्तर आपल्या निर्णयांत उतरते का, हे पाहणे, असे मी मानतो.

शिक्षकांना एवढीच विनंती: ‘एथिक्स’चा पहिला भाग शिकवताना एलिझाबेथची पत्रे आणि १६७० चा तो निनावी ग्रंथ वर्गात आणा. अभ्यासक्रमात जागा नाही ही सबब सांगू नका.