‘रिकामीच आहे हो!’

एअर पिस्तूल आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसाला मागून हाक मारली की तो कसा वळतो, हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तो मान वळवत नाही, अख्खा वळतो, आणि त्याच्याबरोबर नळीही वळते. प्रशिक्षक ओरडतो, माणूस दचकतो आणि त्याच्या तोंडून ठरलेले वाक्य येते : “रिकामीच आहे हो!”

अशी माणसे आता आपल्याकडे पूर्वीपेक्षा फार अधिक येतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. त्या आनंदाच्या लाटेवर मुलांना घेऊन पालक आले, ऑफिसातले गट आले, वाढदिवस साजरा करायला कॉलेजची पोरे आली. १० मीटरच्या रेंजचे भाडे, वीज, पेलेट आणि पगार यांचा हिशोब घालणाऱ्या प्रत्येक चालकाला हा ग्राहक हवा आहे. आम्हालाही तो हवा आहे, कारण उद्याचा खेळाडू याच गर्दीतून येणार. पण सुरक्षेचा नियम सांगितला की हाच ग्राहक रुसतो, हुज्जत घालतो, कधी पैसे परत मागतो, अशी तक्रार गेले काही महिने चालकांकडून सतत कानावर येते आहे. त्या तक्रारीबद्दल या वेळी सविस्तर लिहायचे ठरवले.

आमचे मत आधीच सांगतो. ग्राहकाला नियम क्वचितच खुपतो. त्याला खुपतो तो चारचौघांत झालेला पाणउतारा, आणि शेजारच्या लेनवर दुसऱ्या कोणाला दिलेली सूट. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

“एअरगनच तर आहे” असे ग्राहक म्हणतो तेव्हा तो मुद्दाम उर्मटपणा करत नसतो. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही, हे त्याने ऐकलेले असते. परवाना नाही म्हणजे धोका नाही, असा त्याने सरळ अर्थ लावलेला असतो. त्याला आकडे सांगा. ४.५ मिलिमीटरचे, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटते. हे ज्या डोळ्यावर बसेल, तो डोळा गेला. आकड्यांनी पटत नसेल तर वस्तू दाखवा. एका रेंजवर पाहिलेली पद्धत आम्हाला फार आवडली. तिथे नावनोंदणीच्या टेबलावर दोन वाट्या ठेवलेल्या असतात. एकीत नवी पेलेट, कमरेत आवळलेली, टोक सपाट. दुसरीत लक्ष्यामागच्या ट्रॅपच्या पोलादावर आपटून चपटी झालेली, कडा फाटलेली. ही दुसरी वाटी फक्त बघायला, हात लावायचा नाही. ती पाहिल्यावर “एअरगनच तर आहे” हे वाक्य तिथे आम्ही एकदाही ऐकले नाही.

ट्रिगरचेही तसेच. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, आणि एअर रायफलला तर ही किमान मर्यादाही नाही. दुचाकीचा ब्रेक आवळायची सवय झालेल्या बोटाला हे वजन जाणवतच नाही. पिस्तूल उचलता उचलता बोट आत जाते आणि पेलेट समोरच्या टेबलात किंवा छतात घुसते. “मी दाबलंच नाही!” असे तो कळवळून सांगतो. तो खोटे बोलत नसतो. स्पर्श म्हणजेच दाब असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून आमचा आग्रह आहे की पैसे घेतल्यावर आणि लेनवर नेण्याआधी पाच मिनिटे टेबलापाशी बसवून हे सगळे सांगा. रिकाम्या, तपासलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर प्रशिक्षकाच्या हाताखाली, लक्ष्याच्या दिशेने, दोन-चार वेळा दाबू द्या. नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग त्याच्याच हाताने घालायला लावा. बोल्ट उघडा आहे आणि आत काही नाही, हे त्याला स्वतः पाहून मोठ्याने म्हणायला सांगा. ज्याने स्वतः तपासले, तो पुढे “रिकामीच आहे” म्हणेल तेव्हा ते खरे असेल.

लेनवर गेल्यानंतर शिकवायला वेळ नसतो, तिथे ओरडावेच लागते. नळी माणसांकडे वळली तर “सर, कृपया...” म्हणत बसणाऱ्याला आम्ही प्रशिक्षक म्हणणार नाही. पण ओरडून झाल्यावर, हत्यार खाली ठेवून घेतल्यावर, त्या माणसाला बाजूला घ्या. चाळिशीतला बाप मुलांसमोर खेकसून घेतो तेव्हा तो नियमाशी भांडत नसतो, गेलेली इभ्रत परत मिळवत असतो. “काका, तुम्हाला नाही, त्या नळीला ओरडलो. इथे मलाही असेच ओरडतात,” एवढे हळू आवाजात सांगितले तर निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

आता सूट. हा आपल्या व्यवसायातला सर्वांत वाईट दोष आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. नगरसेवक येतात, मोठे साहेब येतात, जागेचा मालक पाहुणे घेऊन येतो. त्यांच्यासाठी पाच मिनिटांची माहिती गळते, डोळ्यांचा संरक्षक चष्मा गळतो, फ्लॅगची कोणी आठवणही करत नाही. शेजारच्या लेनवरचा साधा ग्राहक हे बघत असतो. त्याच्या लेखी त्या क्षणी नियमाचा निकाल लागलेला असतो : हा सुरक्षेचा नियम नाही, लहान माणसांसाठीचा आहे. नंतर तो हुज्जत घालतो तेव्हा आपण त्याला बेशिस्त म्हणतो!

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नियम काय आहे ते या साहेबांना जरूर सांगा. शेवटचा शॉट झाल्यावर हत्यार रिकामे आहे आणि फ्लॅग घातलेला आहे, हे रेंज ऑफिसरने पाहिल्याखेरीज कोणताही खेळाडू ते पेटीत ठेवू शकत नाही. ठेवले, तर ज्यूरी त्याला बाद करू शकते. जो नियम ऑलिम्पिकच्या खेळाडूला लागू आहे तो उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याला लागू नसावा, याला काही कारण नाही. आणि एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. सैन्यात किंवा पोलिसात ज्यांनी खरोखर हत्यार वापरले आहे ते सहसा वाद घालत नाहीत. पिस्तूल हातात दिले की ते सांगण्याआधीच बोल्ट उघडून आत पाहतात. आपल्या ओळखीचा दाखला देऊन नियमातून सुटू पाहणारे बहुधा दुसरेच कोणी असतात.

रीलचा प्रश्न नवा आहे आणि सध्या सर्वांत जास्त खटके त्यावरच उडतात. मोबाइलवर सरसकट बंदी चालत नाही, हे बहुतेकांना अनुभवाने कळले आहे. ग्राहक लपून फोटो काढतो आणि ते जास्त धोक्याचे. लेनच्या मागे एक कोपरा ठरवून द्या. तिथे बोल्ट उघडा, फ्लॅग घातलेला, प्रशिक्षक शेजारी, नळीचे तोंड बाजूच्या मोकळ्या भिंतीकडे. कॅमेऱ्याकडे नळी रोखलेला फोटो मात्र कोणत्याही किमतीला नको, मग फोन धरणारा त्याचा सख्खा भाऊ का असेना.

काही वेळा ग्राहकाचा राग पूर्णपणे योग्य असतो. “सर, इथे खाऊ नका म्हणता, मग हे चहा कसे पितात?” असे एका मुलीच्या आईने विचारले तेव्हा स्कोअरच्या टेबलावर खरोखरच प्रशिक्षकाचा कप होता. पेलेट शिशाची असतात. पोलादावर आपटून त्यांची बारीक धूळ होते. ती हाताला लागते, हातावरून तोंडात जाते, आणि मुलांच्या शरीरात शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. एअर रेंजवर काडतुसाच्या प्रायमरचा धूर नसतो, त्यामुळे धोका बंदुकीच्या बंद रेंजपेक्षा कमी असतो. पण कमी असतो म्हणून ट्रॅपखाली कोरडा झाडू मारायचा का? ‘हात धुवा’ अशी पाटी आणि बेसिनवर साबणाचा पत्ता नाही, ही स्थिती अनेक ठिकाणी आहे. सिलिंडरचेही तसेच. पीसीपी, म्हणजे आधीच दाबाने हवा भरलेल्या एअरगनच्या सिलिंडरवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती उलटून गेलेला, २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर ग्राहकाच्या गालाजवळ देणाऱ्याने त्याला चष्म्यावरून व्याख्यान देऊ नये. चहाबद्दल विचारणाऱ्या त्या आईला “घाबरू नका हो” असे उत्तर मिळाले. तिला ओला पोछा, साबण आणि झाकण असलेला ट्रॅपचा डबा दाखवायला हवा होता.

एवढे सगळे करूनही एखादा ऐकत नाही. दोनदा सांगून तिसऱ्यांदा बोट ट्रिगरवर असेल तर हत्यार काढून घ्या, उरलेले पैसे परत द्या आणि त्याला नमस्कार करा. तो बाहेर जाऊन एक तारा देईल. देऊ दे. तो तारा वाचून आपल्या मुलीला तुमच्याकडे पाठवणारे पालकही आहेत.

प्रत्येक रेंजवर एक वही असावी अशी आमची विनंती आहे. कोणता ग्राहक कोणत्या नियमावर अडला, काय म्हणाला, आपण काय केले, एवढेच त्या त्या दिवशी लिहावे. त्यातल्या निवडक नोंदी, ग्राहकाचे आणि रेंजचे नाव गाळून, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून त्यांच्यासाठी एक पान राखून ठेवले आहे.