दोन टनांचा एसी आणि कोल्हापूरचा पावसाळा



'पावसाळ्यात घर कोरडं ठेवायचं तर दोन टनांचा एसी लावा' हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला दहा बाय बाराच्या खोलीला तरी महागात पडेल. एसीचं कॉइल दवबिंदूखाली गार झालं की हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि पाइपातून बाहेर ठिबकतं. त्यासाठी कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालावा लागतो. मोठा एसी खोली झटक्यात गार करून थांबतो. एसीचा पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी परत खोलीतच येतं. अंग गार, चादर दमट!

त्यात गगनबावड्याकडून झड लागली की जुलैत बाहेरच पंचविशीच्या आत तापमान असतं. एसी २४ अंशांवर लावला तर कॉम्प्रेसरला कामच उरत नाही. कपाटातल्या चपलांना बुरशी येते ती याच दिवसांत. ड्राय मोडनं थोडा फरक पडतो, पण खोली गारठते. त्यापेक्षा डिह्युमिडिफायर बरा. त्याच पत्रात सुचवलेला कूलर तर हवेत पाणीच मिसळतो. तो एप्रिलच्या कोरड्या दुपारी ठीक.

विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये एसीची पहिली यंत्रणा आखली तीही ब्रुकलिनच्या छापखान्यातला कागद दमटपणानं फुगू नये म्हणून. माणसांचा गारवा नंतर आला.

एसी घ्यायचाच तर खोलीच्या मापाचा, इन्व्हर्टरचा घ्यावा आणि पावसाळ्यात पंखा कमी वेगावर ठेवावा.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर