विश्लेषण : जुन्या ‘मसल कार’चे वजन घटवताना पहिली नजर बंपरवरच का?

अमेरिकेत डॉजने २०२३ मध्ये चॅलेंजरचे उत्पादन थांबवले, त्याच सुमारास शेव्हरोलेची कमॅरोही बंद झाली. त्यानंतर आलेल्या विजेवरच्या डॉज चार्जर डेटोनाचे वजन २,६०० किलोंहून अधिक आहे. नव्या गाड्या अशा वजनदार होत असताना १९६० आणि ७०च्या दशकांतील ‘मसल कार’ हलक्या करून नव्याने बांधणारे हौशी मात्र तेथे अजून भरपूर आहेत. जुने रूप आणि आतून नवी यंत्रणा अशा या गाड्यांना ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. त्यांच्यात पहिली कात्री अनेकदा बंपरला लागते. हा बदल किती फायद्याचा आणि किती धोक्याचा?

मसल कार म्हणजे काय?

मध्यम आकाराच्या, दोन दरवाजांच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवायचे, ही साधी कल्पना. १९६४ची पॉण्टियाक जीटीओ ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. इंजिन ओतीव लोखंडाचे, बंपर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. त्यामुळे गाडीचा बराच भार पुढच्या चाकांवर. सरळ रस्त्यावर ती सुसाट धावते. वळणावर आणि ब्रेक लावताना मात्र हाच भार नडतो.

बंपर इतके अवजड कधी झाले?

१९७३च्या मॉडेलपासून. ताशी ५ मैल (८ किमी) वेगाने अडथळ्यावर आदळल्यास दिवे, इंधन यंत्रणा यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये, अशी अट पुढच्या बंपरला लागू झाली. मागच्या बंपरसाठी ती आधी अडीच मैलांची होती, १९७४ मध्ये तीही ५ मैलांवर गेली. कंपन्यांनी बंपर जाड केले, पुढे काढले आणि मागे धक्का शोषणारी यंत्रणा बसवली. १९७४ची कमॅरो आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ७ इंचांनी लांबली.

अमेरिकी संसदेच्या १९७२च्या कायद्याने बंपरच्या मानकाला वाहनधारकांचे आर्थिक नुकसान कमी करण्याचा हेतू जोडला. म्हणजे हा बंपर जीव वाचवण्यापेक्षा दुरुस्तीचे बिल वाचवण्यासाठी होता. १९८२ मध्ये खर्चाच्या मानाने फायदा कमी असल्याचे सांगत सरकारने ही मर्यादा अडीच मैलांवर आणली.

बंपर हलका केल्याने काय साधते?

बंपर गाडीच्या अगदी टोकाला असतो आणि फरक तिथेच पडतो. १९६९च्या कमॅरो आणि मस्टँग या दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर १०८ इंच, म्हणजे २७४ सेंमी. २० किलोचा बंपर पुढच्या चाकांच्या ९० सेंमी पुढे आहे असे धरले, तर पुढच्या चाकांवर सुमारे साडेसव्वीस किलो भार पडतो आणि मागच्या चाकांवरचा साडेसहा किलो कमी होतो. सी-सॉच्या फळीसारखाच हा प्रकार. या गाड्यांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळते, त्यामुळे तिथली पकड महत्त्वाची.

म्हणून कारागीर बंपर फायबर किंवा ॲल्युमिनियमचा करतात, किंवा मूळ बंपर कापून, अरुंद करून, वेल्डिंगने जोडून बॉडीलगत बसवतात. बॅटरी डिकीत हलवणे, सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे घेणे, बॉनेट फायबरचे करणे हे पुढचे टप्पे. १,५०० किलोच्या, ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीतून १०० किलो कमी केले, तर वजन-ताकदीच्या हिशेबात ते सुमारे २१ हॉर्सपॉवर वाढवल्यासारखे असते. शिवाय ब्रेक आणि टायरवरचा ताणही घटतो. भार घटल्यावर पुढचा भाग उचलला जातो. त्यामुळे स्प्रिंग आणि दिव्यांचा कोन पुन्हा जुळवावा लागतो.

हे तंत्र नवे आहे का?

नाही. १९६४ मध्ये फोर्डने ड्रॅग शर्यतींसाठी सुमारे १०० फेअरलेन थंडरबोल्ट बनवल्या. बॉनेट आणि मडगार्ड फायबरचे, बाजूच्या काचांऐवजी प्लास्टिक, हीटरला फाटा. पॉण्टियाकने १९६३च्या काही कॅटलिना गाड्यांच्या चासीला भोके पाडून वजन उतरवले होते. पण या गाड्या शर्यतीसाठी होत्या, रोजच्या रस्त्यासाठी नव्हे.

मग सुरक्षेचे काय?

खरा प्रश्न हाच. या गाड्यांत एअरबॅग नाहीत, धडकेचा जोर पचवण्यासाठी आखलेला पुढचा भागही नाही. १९६०च्या दशकातील अनेक गाड्यांत धडकेत आखडणारा स्टिअरिंगचा दांडाही नाही. फायबरचा बंपर नुसत्या पातळ पट्ट्यांवर टांगला, तर किरकोळ धक्क्यातही रेडिएटर आणि दिवे फुटतात. म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीत हलक्या बंपरमागे चासीला जोडलेला पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा आडवा दांडा हवा. बंपरची उंचीही इतर गाड्यांच्या बंपरशी जुळायला हवी. अमेरिकेत १९७३पूर्वीच्या मॉडेलना केंद्राचे बंपर मानक लागू नाही, पण राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत.

भारतात असे बदल चालतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. धातूचे ‘बुल बार’ लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितले होते. ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेली रेस्टोमॉड त्यात बसत नाही. त्यामुळे येथे जुन्या गाडीच्या बंपरला हात लावण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र वाचणे आणि आरटीओकडे विचारणे, हे पहिले काम ठरते.