नाकाची कैफियत

मराठी माणसाची अब्रू नाकात असते. ते कापलं की घराणं बुडालं, घासलं की माणूस शरण आला. पण वास घेणं हे जे नाकाचं खरं काम, त्याला मात्र कवडीची किंमत नाही! मी नोकरीला लागलो तेव्हा वैद्यकीय तपासणीत डोळे झाले, कान झाले, वजनसुद्धा झालं. नाकाचा उपयोग फक्त चष्मा टेकवण्यापुरता.

वर पुन्हा कोणीतरी म्हणतोच, ‘‘अहो, वास घ्यावा तर कुत्र्यानं!’’ ही बदनामी जुनी आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७९ साली माणसाला वास न घेणाऱ्या प्राण्यांच्या पंगतीत बसवलं. का, तर एवढ्या मोठ्या मेंदूच्या मानाने वासाचा भाग लहान! कोणाच्या नाकाची परीक्षा घेतली नाही. आकार मोजला आणि निकाल दिला.

कुत्र्याशी माझं वैर नाही. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राहींचे सुमारे ८०० प्रकार असतात. (ग्राही म्हणजे ग्राहक नव्हेत, ते तक्रार करत नाहीत.) पण आपल्याकडेही जवळजवळ ४०० आहेत, आणि सगळी रंगीत दुनिया आपण डोळ्यांतल्या फक्त ३ प्रकारच्या पेशींवर पाहतो! अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी ३२ जणांना डोळे-कान बांधून गवतावर रांगायला लावलं. त्यांतल्या दोनतृतीयांश लोकांनी चॉकलेटच्या वासाचा माग बरोबर काढला. हे २००७ साली छापून आलं. कुत्र्याचं नाक जमिनीला असतं आणि आपलं वर असतं, हाही फरक आहेच की!

मला हे शहाणपण २०२१च्या मे महिन्यात आलं. करोनाचा ताप चार दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. ‘‘एवढंच ना?’’ म्हणून सगळ्यांनी मला बरा ठरवलं. इकडे आमटी म्हणजे नुसतं गरम खारट पाणी! आपण जिला चव म्हणतो, ती बरीचशी घशामागून नाकात चढलेला वासच असतो.

एकदा सौ. गच्चीवर पापड काढायला गेली. दूध उतू जाऊन गॅस विझला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. समोरच्या काकू मुखपट्टीसकट धावत आल्या. ‘‘अरे, गॅस सुटलाय! नाक आहे ना तुला?’’

नाक होतं हो काकू, वास नव्हता! स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन हे घाण वासाचं रसायन घालतात. म्हणजे घरोघरचे जीव राखायचे नाकाने, आणि २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत वास गेलेल्या माणसाला जागा नाही! माझी मागणी साधी आहे. डोळ्यांसाठी जसा अक्षरांचा तक्ता धरता, तशी नाकाखाली चिमूटभर हिंग तरी धरा.

जुलैत एका संध्याकाळी मी भिजून घरी आलो आणि बूट काढले. सौ.ने नाक मुरडलं.

मी ते ओले मोजे दोनदा हुंगले.